अप्पारावचे तीन ठोके

आमच्या गावात अप्पाराव नावाचा एक माणूस आहे. तो जुने ढोल ओळखतो. म्हणजे असं तो स्वतः सांगतो, आणि त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवरही तसं लिहिलेलं आहे. 'रणवाद्य संशोधक' ही अक्षरं मीच रंगवून दिली. रंगवताना मला साधं हसूसुद्धा आलं नाही, याची आता लाज वाटते. गाव धावडा आणि पिंपळगाव रेणुकाईच्या मधल्या पट्ट्यात आहे, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही, कारण मला इथंच राहायचं आहे.

मी अंगद मास्तर. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. माझं अक्षर चांगलं, म्हणून गावातली प्रत्येक पाटी, पत्रिका, मानपत्र माझ्याच मानगुटीवर बसतं. अप्पारावच्या ढोलांच्या पाट्याही अकरा वर्षं मीच लिहिल्या. त्यामुळे या माणसाबद्दल मी जे वाईट बोलणार आहे, त्यातलं निम्मं माझ्या वाट्याचं आहे हे आधीच कबूल करून टाकतो.

याचं वेड सुरू झालं हैदराबादेत. पुतणीच्या लग्नाला गेला, जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडला आणि पितळेचा एक ढोल घेऊन आला. विकणाऱ्यानं सांगितलं, "निजाम की फौज का है साब." झालं. तेवढ्यावर या गड्यानं वरच्या मजल्यावरची कापसाची खोली रिकामी केली, भिंतींना पिवळा रंग दिला आणि तिला संग्रहालय म्हणायला लागला. दारात माझ्याकडून पाटी लिहून घेतली: 'वस्तूंना हात लावू नये.' आत तेव्हा एकच वस्तू होती.

पुढं निजामानं याचं भागेना. असई आमच्यापासून फार लांब नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथं इंग्रज आणि मराठ्यांची मोठी लढाई झाली, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. अप्पारावनं त्या लढाईतले नऊ ढोल जमवले. नऊ! एका लढाईतले नऊ ढोल एका मिरची पिकवणाऱ्याच्या माडीवर कसे आले, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं स्वतःला तर बिलकुल विचारलं नाही. त्यातल्या एकाच्या नटबोल्टांवर मेरठच्या बँडसामानाच्या कारखान्याचा शिक्का होता. एकाचं कातडं प्लॅस्टिकचं होतं. ते मी दाखवलं तर म्हणाला, "मास्तर, कातडं नंतर बदललं असंल. तुम्ही जुनं बघत जा, नवं कशाला बघता?"

आणि ओळखायची पद्धत तर बघण्यासारखी. ढोल मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचे, सागाच्या दांडीनं तीन ठोके मारायचे. पहिल्या ठोक्याला भुवया वर. दुसऱ्याला मान हलवायची. तिसऱ्यानंतर बराच वेळ गप्प, आणि मग एकदम, "पायदळ. डावी फळी. असई." समोर बसलेले वार्ताहर, शिक्षक, पाहुणे थक्क. चहा यायचा, चिवडा यायचा, आणि मी खाली मान घालून पाटीवर 'पायदळ, डावी फळी' असं झोकदार अक्षरात लिहायचो. एकदा त्याची बायको सत्यशीला कपबशा उचलताना माझ्याजवळ पुटपुटली, "यांना घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येत न्हाईत, अन पलटण ओळखून राह्यले." अकरा वर्षांत त्या माडीवर बोललं गेलेलं खरं वाक्य हे एकच.

पाट्या लिहायच्या म्हणून मी मात्र थोडं वाचलं, दोन-तीन ठिकाणी जाऊन खरे ढोल बघितले. पलटणीचा ढोल ओळखायला डोळे मिटावे लागत नाहीत, उघडावे लागतात. तो पट्ट्यानं डाव्या मांडीवर लटकतो, म्हणून एकाच बाजूनं झिजतो. खालच्या कातड्यावर आतड्याच्या तारा ताणलेल्या असतात, त्यानं आवाज करकरीत होतो. अंगाला बाजूला हरभऱ्याएवढं भोक असतं, हवा बाहेर पडायला. आणि नंबर, साल, वाजवणाऱ्याचं नाव असलं काही असेल तर ते बहुतेक आतल्या बाजूला सापडतं. बाहेरचा रंग पुसला जातो, आतलं राहतं. हे सगळं मला माहीत होतं. मी गप्प होतो. चिवडा चांगला असायचा, आणि पाहुण्यांसमोर तो मला 'आमचे कलातज्ज्ञ' म्हणायचा. माणूस किती स्वस्तात विकला जातो, हे मी स्वतःवरूनच सांगू शकतो.

तीन वर्षांपूर्वी पंचायतीनं ठरवलं, की गावातून जे जे सैन्यात गेले त्यांच्या नावांचा दगड शाळेसमोर बसवायचा. सरपंच वंदनाताई. त्यांनी नावं मागवली. पाच नावं कागदपत्रांसकट आली. सहावं नाव घेऊन झुंबरबाई आली. ती भीमनगरातली, ऐंशीच्या घरातली, पाठ अजून ताठ. म्हणाली, "माझ्या बापाचं नाव घाला. रखमाजी. म्हायुद्धाच्या टायमाला पलटणीत गेल्ता. चार वर्सं ढोल वाजवला."

कागद नव्हते. घर एकदा जळालं, त्यात गेले. आणि गावाची आठवण कशी असते बघा. गावाला रखमाजी एवढाच आठवत होता, की तो ढोल वाजवायचा. त्याच्या बापजाद्यांना गावकीची हलगी वाजवावी लागायची, दवंडीला, लग्नाला, मयताला. म्हणजे हाही तसलाच, असं म्हणून दोन-तीन म्हाताऱ्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. झुंबरबाई तिथंच भडकली. "गावात न्हाई वाजवला माझ्या बापानं. पलटणीत वाजवला. त्यो ढोल घरात हाये माझ्या. येऊन बघा."

आता ढोल म्हटल्यावर तपासायला कुणाला पाठवणार? आमच्याकडं संशोधक होताच. पंचायतीनं अप्पारावला लेखी विनंती केली. तिच्यातला शब्द न् शब्द त्यानं दोनदा वाचून घेतला आणि पांढरेशुभ्र कडक इस्त्रीचे कपडे घालून निघाला. बरोबर मी, वही घेऊन.

झुंबरबाईनं ओसरीवर सतरंजी टाकली. मधोमध ढोल आणून ठेवला. तो दिसायला डबाच होता. पितळेचं गोल अंग, दीड वीत रुंद. खालून पत्रा डाग देऊन बसवलेला, वर लाकडी झाकण. झाकण काढलं तर आत राख लावलेले मूग, पेरणीचं बियाणं. बाहेरून पितळ असं चकचकीत की तोंड दिसावं.

"याचं कातडं कुठंय?" अप्पारावनं विचारलं.

झुंबरबाईनं सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. "छप्पन साली धम्म घेतला. मी बारा वर्सांची होते. मंग वस्तीनं ठरवलं, आता गावासाठी हलगी वाजवायची न्हाई, घरात वाद्य ठिवायचं न्हाई. समद्यांनी हलग्या फोडल्या. बराबर केलं. दादा, म्हंजी माझा बाप, म्हणला, ह्यो तसला न्हाई, ह्यो पलटणीचा हाये. पोरं म्हणली, ढोल त्यो ढोल. मंग दादानं सवताच्या हातानं दोन्ही कातडी फाडली, खाली पत्रा मारला, अन आईला म्हणला, घे, ह्यो आता डबा हाये, बियाणं ठेव. वाचला तेवढा. आईनं वरचा रंग चिंच लावून घासून काढला."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर कुणीही शहाणा माणूस काय करेल? वाकून बघेल. आमच्या संशोधकानं डोळे मिटले. डब्याला मांडीवर मात्र घेतलं नाही. तो सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला होता, टेकला नव्हता. तिथूनच हात लांबवून दांडीनं ठोके मारले. एक, दोन, तीन. मुगानं निम्मा भरलेला डबा, तो काय वाजणार? ठप, ठप, ठप.

"आवाज न्हाई," अप्पाराव म्हणाला. "झुंबर, डबा हाये हा. तुझ्या बापानं कुठून तरी आणला असंल."

तिच्याहून हा अठरा वर्षांनी लहान. तिला 'तू' म्हणत होता, आणि ते प्रेमाचं 'तू' नव्हतं.

झुंबरबाई म्हणाली, "आत हात घालून बघा. तळाच्या वर, बाजूला. रोज हात घालते, बोटाला लागतंय. रेघा हायेत. मला वाचता येत न्हाई."

अप्पारावनं आत बघितलं. मूग बघितले. राख बघितली. आणि हात मागं घेतला, हळूच, कुणाला कळू नये असा. मला कळलं. तिलाही कळलं असणार, ऐंशी वर्षं ती हेच बघत आली होती. "गरज न्हाई," तो म्हणाला. "आवाजावरून कळतं मला."

त्याच वेळी मला डब्याच्या बाजूला एक ठिपका दिसला. हरभऱ्याएवढा, लाखेनं बुजवलेला. धान्याच्या डब्याला कुणी भोक पाडत नाही. मी पुढं होऊन हात घातला असता, तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी वहीत डोकं घातलं.

तिनं चहा केला होता. अप्पाराव म्हणाला, "मला शुगर हाये." सकाळीच त्याच्याकडं मी त्याला तीन जिलब्या खाताना बघितलं होतं. मी म्हणालो, "आत्ताच घेऊन आलो." मीही घेतला नव्हता.

अहवाल मीच लिहिला. 'सदर वस्तू धान्याचा डबा असून तिचा रणवाद्यांशी संबंध आढळत नाही.' अक्षर फार देखणं आलं होतं. अप्पारावनं खाली लांबलचक सही ठोकली. सहा नावांपैकी पाच कारागिराकडं गेली. दगडावर अक्षरांची आखणी मी केली, आणि पाचव्या नावाखाली एका ओळीची जागा रिकामी सोडली. का सोडलीत म्हणून कारागिरानं विचारलं. "शोभेसाठी," असं सांगितलं. एवढीच माझी मर्दुमकी.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या पत्र्याखाली भरली. वंदनाताईंनी अहवाल वाचून दाखवला. खुर्चीवर अप्पाराव मांडीवर मांडी टाकून, जणू निकाल हायकोर्टानं दिलाय. तेवढ्यात झुंबरबाई आली. लेकरू घ्यावं तसा डबा कमरेवर घेतलेला. गर्दीतून सरळ पुढं आली आणि डबा टेबलावर, अप्पारावच्या नाकासमोर ठेवला. झाकण काढलं.

"निकाल तुम्ही दिला न्हवं?" ती म्हणाली. "मंग समद्यांसमोर आत हात घाला. लागलं न्हाई काय बोटाला, तर मी गप घरी जाते. पुन्यांदा नाव काढणार न्हाई."

अप्पाराव हसला. "मास्तर, तुम्ही बघा जरा."

"मास्तर न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "ठोके तुम्ही मारले. हात तुम्ही घालायचा."

अडीचशे माणसं बघत होती. पळायला वाट नव्हती. अप्पाराव उठला. बाही वर केली. खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला, आणि तो उजव्या हाताला गुंडाळला. बोटांपासून मनगटापर्यंत, नीट, कुठं फट न ठेवता. आणि तो गुंडाळलेला हात त्यानं मुगात घातला.

रुमाल कशासाठी होता हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्यांच्या घरी अजून कपबशी वेगळी ठेवतात त्यांना तर जास्तच. त्यांनी खाली बघितलं. भीमनगरातली माणसं मागच्या बाजूला उभी होती, त्यांनी मात्र खाली बघितलं नाही.

अप्पारावनं हात आत फिरवल्यासारखं केलं. "काय बी लागत न्हाई," म्हणाला.

"कसं लागंल?" झुंबरबाई म्हणाली.

मला त्या माणसाची किळस आली. आणि त्यापेक्षा जास्त किळस माझी आली. त्याच्याकडं निदान रुमाल होता, मी तर रुमालाशिवायच हात मागं घेतला होता. आताही मी जागचा हललो नाही. उठल्या त्या वंदनाताई. त्यांनी बांगड्या कोपराकडं सरकवल्या, उघडा हात डब्यात घातला आणि तळापर्यंत नेला. थोडा वेळ बोटं फिरवली.

"लागतंय," त्या म्हणाल्या. "अक्षरं हायेत." हात बाहेर आला तो राखेनं भुरा झाला होता. त्यांनी तो पुसलाही नाही. एक पोतं अंथरून त्यावर मूग ओतले, डबा माझ्या हातात दिला. "मास्तर, वाचा."

मी उन्हात जाऊन डबा तिरका धरला. आत राख साचलेली. ती बोटानं पुसली. वर ठशानं ठोकलेला पाच आकडी नंबर, त्याच्याखाली १९४२. आणि त्याच्याखाली खिळ्यानं ओरखडलेली अक्षरं, वेडीवाकडी. 'र', 'ख', 'मा' ठसठशीत. 'जी'ला जागा पुरली नाही, म्हणून तो खाली ढकललेला. माझ्या शाळेत अशी अक्षरं काढणाऱ्या पोरांना मी छडी मारलेली आहे. मी मोठ्यानं वाचलं.

"दादाला तेवढंच लिवाय यायचं," झुंबरबाई म्हणाली. "पलटणीत शिकल्ता." आणि आतापर्यंत ताठ उभी असलेली ती बाई खाली बसली, मुगाच्या पोत्यावरच, आणि पदर तोंडाला लावला. साठ-पासष्ट वर्षं रोज हात घालत होती. बापाच्या नावाला रोज बोट लावत होती, आणि ते नाव आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

अप्पारावनं तेवढ्यातही हार मानली नाही. "डब्यावर नाव कुणी बी कोरतं," म्हणाला.

तेव्हा कुठं माझी वाचा फुटली. "आतून कोरतं का, अप्पाराव? अन हे भोक कशाला हाये? पलटणीच्या ढोलाला असतं हे. एकाच बाजूनं अंग झिजलंय बघा. मी त्याच दिवशी बघितलं होतं. अहवाल खोटा हाये. लिहिला मी, सही तुमची."

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू त्याच्या माडीवरचा एखादा ढोल आपोआप वाजला. मग म्हणाला, "मला शुगर हाये. उन्हात बसवत न्हाई." आणि निघून गेला. राखेचा रुमाल टेबलावरच राहिला. संध्याकाळी शिपायानं तो काडीनं उचलून टाकला.

दगडावरच्या रिकाम्या ओळीत रखमाजीचं नाव कोरलं गेलं. आखणी मी केली. 'जी' मुद्दाम सरळ रेषेत घेतला, जागा भरपूर होती. पंधरा ऑगस्टला झुंबरबाईनं त्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हितं जादा खोल हाये. डब्यातलं बारीक हाये."

तुम्हाला वाटेल, अप्पारावला काही वाटलं असेल. छे. तीन महिन्यांत तो पाहुण्यांना सांगायला लागला, की रखमाजीचा ढोल मी पहिल्याच ठोक्यात ओळखला होता, पण गावाची परीक्षा बघत होतो. माझं तिकडं जाणं बंद झालं. पाट्या आता तो भोकरदनहून छापून आणतो, त्यात 'असई'च्या जागी 'आसाई' झालंय आणि त्याला ते दिसत नाही. नऊ ढोल अजून नऊच आहेत. पण त्याला आतून ठाऊक आहे, की या साऱ्या मुलखात पलटणीचा खरा ढोल एकच, आणि तो त्याच्या माडीवर नाही. ते त्याला झोपू देत नाही, असं सत्यशीलाबाईंनीच मला बाजारात सांगितलं. सांगताना हसू दाबायचाही त्यांनी प्रयत्न केला नाही.

एक दिवस त्यानं माझ्याकडं माणूस पाठवला. झुंबरबाईला विचारा, ढोल संग्रहालयाला देते का. देत नसेल तर निदान नीट बघू देते का, आतून, भिंग लावून. मी भीमनगरात गेलो. डबा ओसरीवर होता, पुन्हा मूग भरलेला. झुंबरबाईनं चहा टाकला. मी तो घेतला. दुसरा कपही मागितला. तो ओतता ओतता ती म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही बी घेतला न्हवता."

"न्हवता," मी म्हणालो.

मग मी अप्पारावचा निरोप सांगितला. द्यायचा तर प्रश्नच नव्हता. बघू देण्याबद्दल ती थोडा विचार करून म्हणाली, "येऊ द्या की. बघू द्या, पाहिजे तेवढा टाईम बघू द्या. पर आधी सतरंजीवर टेकून बसायचं अन माझ्या हातचा च्या घ्यायचा. शुगर हाये म्हणतात ना? बिनसाखरेचा करते म्हणावं."

निरोप मी त्याच संध्याकाळी पोचवला. त्याला आता दोन वर्षं झाली.